बाहेरची कडी

२ ऑगस्ट, धाराशिव

काकांना आज घरी आणलं. दयेपोटी नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, कारण उद्यापासून कॉलनीतल्या बायका मला पुण्यवान म्हणायला लागतील, आणि खोटं कौतुक रोज कानावर पडलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं.

शंभुलिंग काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. राहणार माकणी. वय ऐंशीच्या पुढं. भूकंपाच्या पहाटे यांनी एका पहारीनं पडलेली माळवदं उकरली, गल्लीतली माणसं बाहेर काढली आणि दिवस मावळेपर्यंत थांबले नाहीत. हातांची सालटी निघाली तरी थांबले नाहीत. गाव हे विसरलेलं नाही. येत्या ३० सप्टेंबरला, भूकंपाच्या स्मृतिदिनी, त्यांचा जाहीर सत्कार आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. "घरचीच पुतणी, आन तुमच्यासारखा आवाज जिल्ह्यात दुसरा न्हाय," असं म्हणून संयोजक नारळ ठेवून गेले. मी हो म्हटलं.

त्याच पहाटे काकांच्याच घरात माझी आई मेली. गिरिजाबाई. वडील विहिरीत बुडून गेले तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दिवस कलला की ती उठायची आणि धरणाच्या दिशेनं चालत सुटायची. म्हणून तिला कडब्याच्या खोलीत ठेवत. बाहेरून कुलूप. घर हललं तेव्हा सगळे अंगणात पळाले, ती पळू शकली नाही. मी वसतिगृहातून पोचले तेव्हा खोलीच्या भिंती उरल्या नव्हत्या, पण चौकट उभी होती, दार उभं होतं आणि कोयंड्यात कुलूप होतं. मी किंचाळले, हे कुणी लावलं? मातीनं माखलेले काका पुढं आले आणि म्हणाले, "म्या."

तेवढंच. त्यानंतर आजतागायत एक अक्षर नाही. मला सांगितलं, गावाला नाही. स्मारकाच्या दगडावर आईचं नाव भूकंपात गेलेल्यांत कोरलंय. कुलूप कुठंच कोरलेलं नाही.

३० तारखेला ते व्यासपीठावर असतील आणि माइक माझ्या हातात असेल. पण गेल्या आठवड्यात भेटायला गेले तर काका भरदुपारी तोंड उघडं टाकून पडलेले. त्यांचा मुलगा धोंडप्पा म्हणाला, "झोपंची गोळी दिल्याली हाय, ताई. न्हायतर सारखं हिकडं तिकडं फिरतंय. कुणाला वळकत न्हाय."

ज्याला आपला गुन्हा आठवत नाही त्याला शिक्षा देणं म्हणजे दगडाला शिव्या देणं. सत्कारापर्यंत मी सांभाळते, असं धोंडप्पाला सांगून मी त्यांना गाडीत घातलं. मी यांना जागं करणार आहे. वेळेवर जेवू घालीन, औषध देईन, डोकं लख्ख करीन. आणि मग सगळ्या गावासमोर विचारीन.

५ ऑगस्ट

डॉक्टरांनी झोपेची गोळी हळूहळू कमी करून बंद करायला सांगितली. रक्तदाबाची गोळी सकाळी, स्मृतीची संध्याकाळी. म्हणाले, "गेलेलं परत येईल असं समजू नका. नवं राहणार नाही. जुनं मात्र पुष्कळ दिवस टिकतं." 

मला जुनंच हवं आहे. डॉक्टरांना वाटलं मी धीर आल्यामुळं हसले.

गोळी मात्र हे गिळत नाहीत. गालात धरतात आणि मी वळले की भिंतीवर थुंकतात. आज मी आवाज चढवला तर म्हणाले, "वरडू नको. पूजा झाल्याबिगर म्या कायबी तोंडात घालत न्हाय." पूजा सकाळीच झाली होती. यांच्या लेखी झालेली नव्हती. गळ्यातलं इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं, आणि जो माणूस शर्टाची गुंडी लावू शकत नाही त्याच्या बोटांनी विभूती, पाणी, बेलाचं पान एकही चूक न करता वाहिलं. 

माझ्या नवऱ्यानं, चन्नबसप्पानं, युक्ती काढली. पूजेच्या तीर्थाबरोबर गोळी तळहातावर ठेवली. काकांनी डोळे मिटून गिळली. तीर्थ कोण थुंकणार? मी लिंग कधीच उतरवून ठेवलंय, असल्या गोष्टींवर तास तास बोलले आहे, पण गोळी पोटात गेली. तो एसटीत कंट्रोलर होता, निवृत्तीनंतरही आवाज तोच. सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. रक्तदाबाची गाडी फलाटावरून सुटलेली आहे."

काका हसले. यांना हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

१० ऑगस्ट

सामानाच्या खोलीत मुंग्यांची रांग. दाराच्या आत अर्धी भाकरी, फडक्यात गुंडाळलेली. मला वाटलं उंदीर. मग आज दिवे लावायच्या वेळेला काकांनाच पकडलं. ताटातली भाकरी उचलून धोतराच्या सोग्यात लपवली, भिंत धरत धरत त्या बंद दारापाशी गेले, खाली बसले आणि भाकरी फटीतून आत सरकवली. 

"काका, काय चाललंय हे?"

"हळू बोल," म्हणाले. 

डॉक्टर फोनवर म्हणाले, या आजारात माणसं अन्न लपवतात. म्हणजे मरेस्तोवर साठवायची हाव सुटत नाही. आईला कुलपात घालताना हाच हात होता. मी भाकरी उचलून मुंग्या झाडल्या.

१५ ऑगस्ट

डोकं उजळतंय. धार्मिक बायका दिव्यात तेल घालतात तशी मी रोज गोळ्या घालते आहे आणि वात मोठी होते आहे. आज सकाळी त्यांनी झेंडावंदनाचा आवाज ऐकून टोपी मागितली. दाढी करून घेतली. चन्नबसप्पाला विचारलं, "पावनं, तुमची बदली कुठं झाली?" 

दुपारी मी समोर बसले. "काका, गिरिजा कुठं हाय?"

त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "आत हाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. आत हाय! हेच मला गावाला ऐकवायचं आहे.

चन्नबसप्पा म्हणाला, "पोळ्याला बैल धुऊन झूल घालतात तसं चाललंय तुझं. उमा, खरं सांग, म्हाताऱ्याला जगवायला आणलंस का मारायला?"

"दोन्ही."

"मग वरण जरा पातळ कर. त्यांना घट्ट गिळत न्हाय."

१८ ऑगस्ट, दवाखान्यातून

काल बेंबळीला भाषण होतं. विषय, 'घरातल्या थोरांचा मान'. नेहमीसारखी आजीपासून सुरुवात केली. माझं प्रत्येक भाषण रुद्रम्मा आजीपासूनच सुरू होतं. निरक्षर बाई, काकांची आई, आपली सगळी हयात माकणीच्या चुलीपुढं गेलेली, पण नातीनं शिकावं म्हणून स्वतः एसटीत बसून मला वसतिगृहात सोडायला आली. भूकंपानंतरही माझं शिक्षण तिनं मोडू दिलं नाही. त्या ठिकाणी टाळ्या पडतातच. कालही पडल्या.

टाळ्या चालू असताना फोन आला. काका न्हाणीत कोसळले.

झालं असं की काकांनी सकाळी पूजा केली, तीर्थ घेतलं, गोळी घेतली. तासाभरानं पूजा विसरले. पुन्हा लिंग हातावर घेतलं. चन्नबसप्पाच्या डोक्यात पूजा आणि गोळी अशी जोडी पक्की बसलेली. त्यानं पुन्हा गोळी ठेवली. दुपारी जेवणाआधी पुन्हा पूजा, पुन्हा गोळी. "मला वाटलं तू सांगून गेलीस, पूजेबरोबर द्या म्हणून," एवढंच तो म्हणत होता आणि रुमालानं डोळे पुसत होता. सगळी हयात ज्यानं एकही गाडी चुकीच्या फलाटावर लावली नाही, त्या माणसाला मी शिव्या दिल्या.

काकांचा रक्तदाब लागत नव्हता. हात बर्फासारखे. मी खाटेला धरून उभी होते आणि तोंडातून जे निघालं ते निघालं तसं लिहिते: "काका, जाऊ नका. काका, मला सोडून जाऊ नका."

३० तारखेच्या आधी जाऊ नका, असंच मला म्हणायचं होतं.

२४ ऑगस्ट

घरी आणलं. नवा नियम: काकांनी पूजा कितीही वेळा करावी, गोळी फक्त माझ्या हातून. बाकीच्या पूजांना तीर्थाबरोबर खडीसाखर. काका खुश आहेत. आमच्या घरातला देव गोड झालाय म्हणतात.

२९ ऑगस्ट

काका नाहीसे झाले. मी दूध तापवत होते, दार उघडंच राहिलं. चन्नबसप्पा सायकलवर आणि मी पायी सगळी कॉलनी धुंडाळली. मी हाका मारत होते, मोठ्यानं, सभेत मारतात तशा. शेवटी बसस्थानकावरून त्याच्या जुन्या सोबत्याचा फोन आला: "साहेब, तुमच्याकडचं म्हातारं लोहारा-माकणीच्या गाडीत बसलंय. उतर म्हणलं तर म्हणतंय, गिरिजाला भाकर द्यायची राहिली."

गिरिजा! नाव आलं तोंडात, आपणहून. औषध काम करतंय.

पण हे रोज व्हायला लागलं तर? दिवस कलला की यांना बाहेर पडायचं असतं. कुठल्यातरी गाडीखाली सापडले तर माझ्या हाती काहीच उरणार नाही.

३१ ऑगस्ट

सुतार बोलावून काकांच्या खोलीला बाहेरून कडी बसवली.

लिहिताना लाज वाटायला हवी, वाटत नाही. संध्याकाळी काका उठले, टोपी घातली, दाराकडं आले, आणि मी बाहेरून दार ओढून कडी सरकवली. तो आवाज! आईनं तो रोज आतून ऐकला असेल. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आता हा माणूस दार बडवेल. ओरडेल. आई ओरडली असेल तसा.

काका ओरडले नाहीत. मग दारापाशी, अगदी खालून, जमिनीजवळून, आवाज आला. कानडीत. आमच्या घरी जेवा म्हणायचं तर कानडीतच म्हणत. "ऊटा माड्री, वैनी." आणि फटीतून भाकरी बाहेर आली. माझ्या टाचेला लागली.

मी कडी काढली नाही.

थोड्या वेळानं पुन्हा आवाज. या वेळी रडवेला, लहान मुलासारखा. "अव्वा, किल्ली द्या की. अव्वा, उघडू द्या तिला."

अव्वा ते आपल्या आईला म्हणत. माझ्या आजीला.

म्हणजे इतका कावा! डोकं फुटकं झालं तरी कावा शाबूत आहे. मेलेल्या बाईवर ढकलायचं. त्या बाईवर, जिच्या कडेवर बसून मी मोठी झाले.

चन्नबसप्पानं येऊन कडी काढली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "जरा तिकडं हो." त्यानं काकांना धरून उठवलं. फडक्यातली भाकरी मी अजून हातात धरून होते.

१ सप्टेंबर

डोळ्याला डोळा नाही.

३ सप्टेंबर

सकाळी, पूजा झाल्यावर, त्यांचं डोकं सगळ्यात लख्ख असतं तेव्हा, सरळ विचारलं. "काका, आईच्या खोलीची किल्ली कुणाकडं होती?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं. लिंग गळ्यात अडकवलं आणि म्हणाले, "कुलूप म्या लावलं."

"परवा तर आजीचं नाव घेत होता."

"म्या लावलं," पुन्हा म्हणाले. मग माझ्या ताटाकडं बोट दाखवून, "तू खाल्लं न्हाईस काय. खा."

म्हणजे गुन्हा कबूल आहे. मला हवा होता तो शब्द हाच. मग ताट मी तसंच का उचलून ठेवलं?

१४ सप्टेंबर, माकणीहून परत येऊन

सत्काराच्या तयारीच्या बैठकीला गेले होते. बैठक आटोपून सीताबाईंकडं गेले. जुन्या गावात त्यांची आणि आमची भिंत एक होती. आता पुनर्वसनाच्या घरात एकट्या राहतात. चहा टाकता टाकता त्यांनीच विचारलं, "शंभू कसा हाय? खातोय का?"

"खातात. लपवतातही. भाकरी नेऊन बंद दाराखालून सरकवतात."

सीताबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "आजून?"

"आजून म्हणजे?"

"आगं, तुज्या मायला सरकवायचा तशी." मग माझं तोंड बघून हळूच म्हणाल्या, "तुला ठावं न्हाय व्हय?"

मी पाट ओढून खाली बसले. त्याच सांगत गेल्या. "किल्ली रुद्रम्माच्या कमरंला असायची. रातंदिवस. पोरगं हिरीत गेलं, आता सून धरणात गेली तर गाव तोंडात शेण घालंल, ह्येच तिचं. शंभू भांडला लई. मायसमोर किती भांडणार? मंग गप बसला. दिस मावळला की फडक्यात भाकर बांधायचा, दाराखालनं सारायचा, आन तिथंच बसायचा, आतनं खाल्ल्याचा आवाज येईस्तोवर."

"मग मला 'म्या' का म्हणाले?"

"आन काय म्हणल? बाप गेल्याला, माय मातीत. म्हातारीवरनंबी तुजं मन उडालं असतं तर तू कुणाच्या दारात गेली असतीस, पोरी? शंभूनं आमा बायांस्नी बजावलं, उमाला बोलायचं न्हाय. माज्यावर राग धरल तर धरू दे, म्हणला. राग धरायला कुणीतरी लागतंय, आन जीव लावायलाबी कुणीतरी लागतंय."

"आणि इतकी वर्षं तुम्ही सगळे गप्प?"

सीताबाई चहा गाळायला लागल्या. "तू भाषणात म्हातारीचं नाव घ्यायला लागलीस. टाळ्या पडायच्या. आमालाबी ऐकून बरं वाटायचं. आपल्या गावची बाई. कोण मोडणार?"

१५ सप्टेंबर

आजीचा फोटो भिंतीवर आहे. कमरेला किल्ल्यांचा चांदीचा छल्ला आहे. मी लहानपणी तो वाजवून झोपायचे.

१९ सप्टेंबर

लातूरचं भाषण रद्द केलं. माझ्या भाषणाला दुसरी सुरुवात नाही.

चन्नबसप्पा म्हणतो, आता सत्काराला जा, चार चांगले शब्द बोल, काकांना घेऊन ये. संपलं. हा भला माणूस आहे, याला सगळ्या गाड्या वेळेवर सोडायच्या असतात. पण आईची गाडी सुटली नाही ना! तिला बाहेर कुणी काढलं? आजीनं कोंडलं, काकांनी भाकरी दिली, गाव ऐकत राहिलं. तिच्या वाट्याला एक तरी माणूस आला का ज्यानं ते दार फोडलं?

मी भाकरी देणाऱ्याला सोडणार नाही. भाकरी सरकवणारा हात दारापर्यंत पोचत होता.

२५ सप्टेंबर

रस्त्यानं तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचे जथे चालले आहेत. काका खिडकीत बसून सगळ्यांना हात करतात. आज त्यांच्या पायाची नखं काढली. पाय धरून ठेवताना म्हणाले, "गिरिजाची पोरगी लई शिकली बग."

"कोण पोरगी?"

"हाय एक. लई तोंडाची हाय."

३० सप्टेंबर, रात्री

आत्ताच लिहिते. सकाळी उठून पुन्हा गोड करून लिहिण्याचा मोह होईल.

मांडव भरलेला. काकांना फेटा बांधला, शाल दिली. माझं भाषण शेवटी. त्याआधी सूत्रसंचालक म्हणाला, "सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत." मी नको म्हणायच्या आत माइक त्यांच्या तोंडापुढं आला. काका उभे राहिले. समोर कोण आहे हे त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे. माझ्याकडं वळून बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "गिरिजाला म्या कोंडलं."

जे मला हवं होतं ते. शब्दन् शब्द. सगळ्या गावासमोर.

मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वय झालंय." मागून कुणी हसलं. "डोकं ठिकाणावर न्हाय म्हाताऱ्याचं." सूत्रसंचालकानं घाईनं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या मांडवानं वाजवल्या. धोंडप्पा बापाला खांद्याला धरून खाली बसवत होता, "गप बसा, आप्पा, गप बसा."

मला दिसलं ते सांगते. आईलाही असंच, फक्त टाळ्या न वाजवता, वेडी ठरवलं होतं याच माणसांनी. एकदा वेडं म्हटलं की मग ऐकावं लागत नाही.

मी माइक घेतला. लिहून नेलेलं भाषण पर्समध्येच राहिलं.

मी म्हणाले, "काकांना वेडं म्हणू नका. ते वेडे नाहीत. ते खोटं बोलताहेत, आणि ते खोटं त्यांना पाठ आहे, कारण ते माझ्यासाठी पाठ केलेलं आहे. किल्ली माझ्या आजीच्या कमरेला होती. रुद्रम्माच्या. जिचं नाव घेऊन मी या जिल्ह्यात टाळ्या मिळवल्या त्याच बाईच्या. तिनं मला शिकवलं आणि तिनं माझ्या आईला कोंडलं. दोन्ही खरं आहे. पहिलं मी तुम्हाला सांगत आले. दुसरं तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या भाषणाला टाळ्या वाजवत होता!"

सीताबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

"माझी आई भूकंपानं मेली नाही. घरापुढं अंगण होतं, दार उघडं असतं तर ती अंगणात आली असती. स्मारकावरचं तिचं नाव खोडा, नाहीतर त्याखाली कुलूप कोरा. आणि काका, तुम्ही." मी त्यांच्याकडं वळले. "तुम्ही रोज भाकरी दिलीत. मला कळलं. माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यात, तेही कळलं. पण ज्या पहारीनं तुम्ही या सगळ्यांना बाहेर काढलं, ती पहार आदल्या दिवशीही घरातच होती. एक घाव घातला असता तर कोयंडा निघाला असता."

काकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"व्हय," म्हणाले. "घरातच हुती."

मला विचारायचा असलेला प्रश्न हा होता, हे मला तो विचारल्यावर कळलं. आणि दिवसभर, सालटी निघेपर्यंत, ते कुठल्या न घातलेल्या घावासाठी खणत होते तेही.

माइक जागेवर ठेवला. काकांचा हात धरून मांडवातून बाहेर आणलं. आम्हाला वाट देताना माणसं बाजूला सरकत होती, आणि कुणी माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. तेवढं सुख मी पुरेपूर घेतलं.

२ ऑक्टोबर, दसरा

धोंडप्पा सकाळीच आला. दारातूनच ओरडला. "ताई, आमच्या घराची अब्रू वेशीला टांगली तुमी! आप्पांना घेऊन चाललो. त्यांचं सामान द्या."

"आणि नेऊन काय करणार?"

"काय म्हणजे? झोपंची गोळी हाय की घरी."

मी दारात उभी राहिले. म्हटलं, हे कुठंही जाणार नाहीत. तो म्हणाला, तुमचा सूड झाला की घेऊन. आता कशाला पायजेत तुमाला? चन्नबसप्पा मधे पडला, "धोंडप्पा, आधी सोनं घे, मग भांडण कर," आणि त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली. पोराची पंचाईत झाली. सोनं घेतल्यावर पाया पडावं लागतं. पडला, आणि पाय आपटत गेला.

कशाला पायजेत, हे त्याला सांगता आलं नाही. इथं लिहिते. आई कशी बसायची, काय खायची, भाकरी खाल्ल्याचा आवाज आतून कसा यायचा, हे जगात आता एकाच डोक्यात शिल्लक आहे. ते डोकं झोपवायचा हक्क मी कुणाला देणार नाही.

दुपारी मी स्वतः स्क्रू काढून बाहेरची कडी उतरवली. तिच्या जागी चन्नबसप्पानं बैलाची घुंगरमाळ बांधली. दार हललं की घरभर आवाज होतो. "सुटलेल्या गाडीची सूचना," म्हणाला.

दिवे लावायच्या वेळेला घुंगरं वाजली. मी आधीच सामानाच्या खोलीत जाऊन उभी होते. पाय घासत आले. खाली बसल्याचा आवाज. फटीतून भाकरी आली. "ऊटा माड्री, वैनी."

मी दार उघडलं. काकांनी वर बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, खोलीच्या पार कोपऱ्यापर्यंत.

"न्हाय व्हय हितं?" 

"नाही, काका. गेली ती."

त्यांनी फडकं उचललं, मुंगी झटकली आणि भाकरी माझ्याकडं धरली. "मंग तू खा, उमा. सकाळधरनं वरडायलीस."

उंबऱ्यावर बसून खाल्ली. वाळलेली होती. मी खाईपर्यंत ते समोर बसून राहिले, कान देऊन.

माफ केलेलं नाही. त्यांनी माफी मागितलेलीही नाही. सकाळची गोळी संपत आली आहे, उद्या दुकान उघडलं की आणायची.